कार्ड तगडं, गेम मात्र रडतखडत: ग्राफिक्स कार्ड कागदावरच्या आकड्यांएवढं चालत नसेल तर काय तपासायचं

"भाऊ, कार्डच फुसकं निघालं ना बावा!"

अकोल्यातल्या माझ्या छोट्या दुकानात हे वाक्य महिन्यातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतं. म्हणणारा बहुतेक कॉलेजातला पोरगा असतो. दोन-तीन महिने आकडे घोकून, व्हिडिओ पाहून, घरच्यांना "अभ्यासालाही लागतं" असं पटवून त्याने कार्ड घेतलेलं असतं. आणि व्हिडिओत जिथे ९० फ्रेम दिसतात, तिथे त्याच्या स्क्रीनवर ४५ दिसतात.

कार्ड खरोखर खराब निघाल्याच्या केसेस मी पाहिल्यात, पण थोड्या. बाकी ठिकाणी एकतर कार्डाला काम करू दिलं जात नव्हतं, नाहीतर तुलनाच चुकीच्या कार्डाशी चालली होती. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या शेवटी, या क्रमाने मी जातो. तो क्रम इथे लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं नीट पाहा

- एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) अगदी ६० वर किंवा ३० वर खिळलेले, सेटिंग कमी-जास्त करूनही हलत नाहीत.
- ग्राफिक्स 'अल्ट्रा'वरून 'लो'वर आणलं तरी वेग जवळपास तेवढाच.
- सुरुवातीला मस्त चालतं, दहा-पंधरा मिनिटांनी वेग पडतो आणि पंखे बोंबलायला लागतात.
- सरासरी चांगली दिसते, पण दर काही सेकंदांनी झटका बसतो.
- सगळंच सारखं मंद, पहिल्या दिवसापासून.
- भारी सीन आला की स्क्रीन काळी होते किंवा मशीन रिस्टार्ट होतं.

पहिलं लक्षण असेल तर कुठेतरी वेगाला टोपी घातलेली आहे. दुसरं प्रोसेसर किंवा रॅमकडे बोट दाखवतं, तिसरं उष्णतेकडे. चौथ्यात रॅम किंवा कार्डाची मेमरी अपुरी पडत असते. पाचव्यात केबलपासून सुरुवात करा. सहाव्यात पॉवर सप्लायचा संशय आधी घ्यायचा आणि त्यासाठी थेट खाली पॉवरच्या तपासणीवर जायचं.

मोजल्याशिवाय काहीही बदलू नका

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका. दोन्ही फुकट आहेत, आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतात. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) वापर, त्याचा क्लॉक (चालण्याचा वेग), तापमान, वॉट, व्हीरॅम (कार्डाची मेमरी) आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर एवढं दिसू द्या.

यातला पहिला आकडा सगळ्यात बोलका. जीपीयूचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड जीव तोडून काम करतंय. मग प्रश्न उरतो तो त्याच्या तापमानाचा, क्लॉकचा किंवा तुमच्या अपेक्षेचा. वापर ५०-६० टक्क्यांवर घुटमळत असेल तर कार्ड रिकामं बसलंय. पिठाच्या गिरणीसारखं आहे हे. मोटर कितीही मोठी बसवा, वरून धान्य टाकणाराच हळू असेल तर पीठ तेवढंच पडणार. इथे धान्य टाकणारा म्हणजे प्रोसेसर आणि रॅम.

टास्क मॅनेजरमध्ये "सीपीयू तर ४० टक्केच आहे" असं पाहून पुष्कळ जण फसतात. सहा कोअर, बारा थ्रेडच्या (एका वेळी बारा कामं ओढणाऱ्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण जाम झाला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. गेमचं मुख्य काम त्या एकाच थ्रेडवर अडकलेलं असू शकतं. म्हणून प्रत्येक कोअर वेगळा पाहायचा.

शंका असेल तर दोन मिनिटांची चाचणी करा. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस भराभर वाढले तर अडथळा कार्डात आहे, तिथल्या तिथेच राहिले तर प्रोसेसरच्या बाजूला. ही चाचणी न करता नवीन कार्ड घेतलेले लोक मला भेटलेत. तीस हजार घालवून चार फ्रेम कमावलेले.

तपासणी १: तुमचं कार्ड तेच आहे का, ज्याच्याशी तुलना करताय?

याला एक पैसा लागत नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडा. मेमरीचा प्रकार, बस विड्थ (मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी), बँडविड्थ (त्या रस्त्याने सेकंदाला किती डेटा जातो) आणि शेडर्स (चिपमधली मोजणी करणारी एककं) हे चार आकडे कागदावर उतरवून घ्या आणि कंपनीच्या साइटवरच्या आकड्यांशी ताडून बघा. खोक्यावरचं नाव एक आणि आतला माल वेगळा, हे कंपन्या राजरोस करतात. जीटी १०३० दोन प्रकारांत आलं. जीडीडीआर५ वाल्याची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याची १६.८ जीबी. नाव तेच, पाइपाची जाडी मात्र साधारण तिसरा हिस्सा. जीटीएक्स १६५० ची बँडविड्थ जीडीडीआर५ मध्ये सेकंदाला १२८ जीबी आहे, जीडीडीआर६ मध्ये १९२ जीबी. आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती १९२ बिट बसची, पण नंतर आलेली ८ जीबीची १२८ बिटची. व्हिडिओ एकाचा पाहायचा आणि विकत दुसरं घ्यायचं, मग रडगाणं ठरलेलंच.

बँडविड्थ स्वतः काढता येते. बस विड्थ गुणिले मेमरीचा वेग, भागिले ८. आरटीएक्स ४०६० साठी १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे सेकंदाला २७२ जीबी. आरटीएक्स ३०६० साठी १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे ३६०. हे पाहून कुणी म्हणेल की जुनं ३०६० च भारी. शेडरही त्याचेच जास्त, ३,५८४ विरुद्ध ३,०७२. तरी बहुतेक गेममध्ये ४०६० पुढे राहतं. कारण त्याचा क्लॉक बराच वरचा आहे आणि चिपमधली एल२ कॅश (चिपच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी झाली आहे, त्यामुळे मेमरीकडे धावायची वेळच कमी येते. पण गेमचे टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) ८ जीबीत मावले नाहीत की चित्र उलटं होतं. ४०६० झटके द्यायला लागतं आणि १२ जीबीचं ३०६० शांतपणे चालत राहतं. त्यामुळे "कोणतं कार्ड फास्ट?" या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर "कोणता गेम, कोणत्या सेटिंगवर?" हेच असतं.

टेराफ्लॉप्सचा (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) आकडा तर पिढी बदलली की तुलनेला काढूच नका. आरटीएक्स २०७० साधारण साडेसात टेराफ्लॉप्सचं, आरटीएक्स ३०६० पावणेतेराच्या आसपास. गेममध्ये मात्र दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून. ३०च्या पिढीत मोजायची एककं दुप्पट झाली, खेळातला वेग दुप्पट झाला नाही. एकाच पिढीतली, एकाच कंपनीची दोन कार्डं असतील तरच शेडर आणि टेराफ्लॉप्सची तुलना कामाची.

लॅपटॉपवाल्यांनी इथे कान टवकारावेत. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०७० म्हणजे ४,६०८ शेडर आणि ८ जीबी. डेस्कटॉपचं ४०७० म्हणजे ५,८८८ शेडर आणि १२ जीबी. त्यावर आणखी, एकाच नावाची चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॉटवर चालते. लॅपटॉपच्या ४०६० साठी ही मर्यादा ३५ पासून ११५ वॉटपर्यंत असू शकते. बारीक, देखणा लॅपटॉप घेतला असेल तर तो जाडजूड भावंडापेक्षा मागे राहणारच, त्यात बिघाड काही नाही.

सेकंडहँड घेतलं असेल तर जीपीयू-झेडमध्ये नावाआधी "फेक" असा शब्द दिसतो का तेही पाहा. जुन्या चिपवर नवं बायॉस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात फिरलेली आहेत.

शेवटी तो व्हिडिओ परत पाहा. कार्ड तपासणारे लोक मुद्दाम सगळ्यात वेगवान प्रोसेसर वापरतात, म्हणजे अडथळा फक्त कार्डाचाच राहील. ते बरोबरच करतात. पण तुमच्याकडे पाच वर्षं जुना प्रोसेसर असेल तर ते आकडे तुमचे नाहीत. डीएलएसएस, एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणाऱ्या युक्त्या) किंवा फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरणं) चालू होतं का, हेही बघा. फ्रेम जनरेशनचे एफपीएस आणि साधे एफपीएस एकाच तराजूत टाकायचे नाहीत.

तपासणी २: मॉनिटरची केबल कुठे लावलीय?

हसू नका. मूर्तिजापूरचा एक मुलगा एसटीने कॅबिनेट मांडीवर घेऊन आला. मी दुकानातल्या मॉनिटरला जोडलं, तासभर गेम चालवला, सगळं ठणठणीत. तो घरी गेला, परत तेच रडगाणं. दुसऱ्यांदा आला, परत माझ्याकडे ठणठणीत. तिसऱ्यांदा मी त्याला येऊ दिलं नाही. व्हिडिओ कॉल करून मागची बाजू दाखवायला सांगितली. एचडीएमआय मदरबोर्डच्या पोर्टात! दुकानात केबल मी लावायचो, म्हणून दुकानात दोष दिसायचा नाही.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स असेल तर मदरबोर्डच्या पोर्टातूनही चित्र येऊ शकतं. मग कधी गेम त्या छोट्या ग्राफिक्सवरच चालतो, तर कधी मोठं कार्ड चित्र बनवून मदरबोर्डमार्गे पाठवतं. नुकसान दोन्हीकडे आहे. कार्डाचे पोर्ट आडवे आणि खालच्या बाजूला असतात, केबल तिथेच हवी.

तपासणी ३: वेगाला टोपी कुणी घातली?

विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे लोक आहेत. मग गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशला बांधणारी सेटिंग), फ्रेम लिमिट आणि ड्रायव्हरच्या पॅनेलमधली फ्रेमची मर्यादा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलाय ना, आणि तो सोबत आलेलाच आहे ना? बारीक टाइप-सी चार्जरवर मोठं कार्ड पूर्ण ताकदीने पळत नाही. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. हे सगळं पाच मिनिटांचं काम.

तपासणी ४: ड्रायव्हर

जुनं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष गोंधळ घालतात. डीडीयू नावाचं साधन उतरवून घ्या, इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये जाऊन सगळे ग्राफिक्स ड्रायव्हर पुसा आणि मग कंपनीच्या साइटवरून नवा टाका. इंटरनेट बंद करायचं कारण असं की नाहीतर मधल्या मध्ये विंडोज स्वतःचाच ड्रायव्हर घुसवतं. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र टाकू नका. ती काढण्यात माझा अर्धा दिवस जातो.

तपासणी ५: रॅम

जीपीयूचा वापर कमी आणि झटके जास्त, असं असेल तर माझा हात आधी इथे जातो. १६ जीबीची एकच पट्टी असली की रॅम सिंगल चॅनलवर चालते, म्हणजे प्रोसेसरला अर्धाच रस्ता मिळतो. ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्या की रस्ता दुपदरी होतो. चार स्लॉट असतील तर साधारणपणे प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा, मदरबोर्डच्या पुस्तिकेत चित्र असतं.

मग वेग. ३२०० ची रॅम घेतली म्हणून ती ३२०० वर चालतेच असं नाही. मदरबोर्डच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सोय) चालू केलं नसेल तर ती २१३३ किंवा २४०० वर निवांत बसलेली असते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर खरा वेग दिसतो. एक्सएमपीनंतर मशीन अडखळायला लागलं तर एक पायरी खाली या.

तपासणी ६: स्लॉट

कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्येच हवं. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असतो, पण आतून बहुतेक वेळा चारच लेनचा (लेन म्हणजे डेटाच्या रस्त्याचे पदर). जीपीयू-झेडमध्ये 'बस इंटरफेस' समोर काय लिहिलंय ते पाहा. निवांत असताना तिथे १.१ दिसलं तर घाबरू नका, कार्ड वीज वाचवत असतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट सुरू करा, मग खरा आकडा दिसेल.

काही कार्डांना मुळातच लेन कमी असतात. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेनची आहेत. जुन्या पीसीआयई ३.० च्या (स्लॉटच्या मागच्या पिढीच्या) बोर्डावर त्यांचं फारसं बिघडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनचं आणि मेमरीही ४ जीबी. ते ३.० च्या बोर्डावर लावलं की मेमरी भरताक्षणी गुडघे टेकतं. जुन्या मशीनसाठी स्वस्त कार्ड म्हणून लोक तेच घेतात, आणि जुन्याच मशीनमध्ये ते सगळ्यात वाईट चालतं. इंटेलचं आर्क कार्ड असेल तर बायॉसमध्ये रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सेटिंग) चालू आहे का ते आधी पाहा. त्याच्याशिवाय ते कार्ड घेण्यात अर्थ नाही.

तपासणी ७: उष्णता

आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ज्या खोलीत कार्डाची परीक्षा होते ती असते २०-२५ अंशांची. कार्डाचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली हवा फक्त फेकतो. २४ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ढोबळमानाने ८६ कडे जायला बघेल. एनव्हिडियाची पुष्कळ कार्डं ८३ च्या आसपास क्लॉक खाली आणायला लागतात. म्हणजे डिसेंबरातलं आणि मेमधलं, तेच कार्ड दोन वेगांचं.

साधी चाचणी: कॅबिनेटची बाजूची काच काढून दहा मिनिटं खेळा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर कार्ड ठीक आहे, कॅबिनेटचा श्वास कोंडतोय. समोर बंद काच आणि मागे एक पंखा अशी शोभेची कॅबिनेट इथे भरपूर खपतात. दिसतात छान.

मग साफसफाई. इथे जिनिंग जवळ असलं की कापसाचे तंतू हीटसिंकच्या (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांत गादीसारखे बसतात. मशीन बंद करा, वायर काढा आणि ब्लोअरने हवा मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. गार वाटतं खरं, पण ती ओली हवा आहे, आणि आपल्याकडचं पाणी खारं.

एवढं करूनही तापत असेल तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता आणि आवाज बराच. उन्हाळ्याचे तीन महिने मी स्वतः असंच चालवतो.

तपासणी ८: पॉवर

इथून पुढे खिशाला हात लागू शकतो. पीसीआयई स्लॉट ७५ वॉट देतो, सहा पिनची जोडणी आणखी ७५, आठ पिनची १५०. कार्डाला दोन जोडण्या असतील तर एकाच केबलची दोन तोंडं लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र केबल लावा. नव्या कार्डांची सोळा पिनची जोडणी पूर्ण आत बसलीय का, हे मशीन बंद असताना नीट पाहा. अर्धवट बसलेली जोडणी तापते आणि वितळते.

भारी सीनला मशीन रिस्टार्ट होत असेल तर एकदा यूपीएस बाजूला करून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो, गेमिंग मशीन त्याच्या बाहेर सहज जातं. तरीही बंद पडत असेल तर मित्राचा खात्रीचा एसएमपीएस (म्हणजेच पॉवर सप्लाय) लावून बघा. विकत घेण्याआधी उसना घेऊन तपासणं कधीही बरं.

इथे थांबा

एसएमपीएस उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. मीही उघडत नाही, बदलतो.

जळका वास, वितळलेली पिन, किंवा मशीन सुरू होताच बायॉसच्या स्क्रीनवरही रंगीत चौकोन आणि रेघा दिसत असतील तर ड्रायव्हरशी खेळण्यात वेळ घालवू नका. तो हार्डवेअरचा दोष आहे. वॉरंटी असेल तर कार्ड न उघडता बिलासह सर्व्हिस सेंटरला द्या. थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधलं उष्णता वाहणारं मलम) स्वतः बदलायची हौस असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा, आणि मेमरीवर बसणाऱ्या मऊ थर्मल पॅडची जाडी माहीत नसेल तर तो नाद सोडा. पॅड जाड पडला की चिप हीटसिंकला टेकतच नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. हीट गनने किंवा ओव्हनमध्ये कार्ड भाजायचे व्हिडिओ पाहून काही करू नका. महिनाभर चालून परत मेलेली अशी कार्डं माझ्या खोक्यात पडून आहेत.

वॉरंटी संपलेली असेल तर चिप-लेव्हलचं काम करणाऱ्याकडे जा, आणि उघडण्याआधीच त्याच्याकडून खर्चाचा अंदाज घ्या. तो अंदाज त्याच कार्डाच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेला तर मी गिऱ्हाइकाला दुरुस्ती करू देत नाही.

कुणाकडेही गेलात तरी कोपऱ्यातले आकडे दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ, बिल आणि जीपीयू-झेडचा फोटो सोबत न्या. आणि माझ्याकडे येणार असाल तर मॉनिटर त्याच्या केबलसकट आणा. लावायचं तुम्ही, मी नुसता बघणार.